गुहेतलं जेवण आणि दहीभात

आमच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेला एक फोटो आहे. त्यात थोरलीच्या आठव्या वाढदिवसाचा केक आहे, हातात सुरी धरलेली थोरली आहे, शेजारी आमचे हे आहेत, सासूबाई आहेत, मागे खोट्या दगडांची भिंत आहे आणि टेबलाच्या टोकाला लहान मुलांची एक उंच, रिकामी खुर्ची आहे. मी त्या फोटोत नाही. धाकटाही नाही. फोटो काढला तेव्हा आम्ही दोघं त्याच रेस्तराँच्या मागे, प्रसाधनगृहाच्या पायरीवर बसून ग्लुकोजची बिस्किटं खात होतो.

त्याचं असं झालं. २०२३ च्या मे महिन्यात थोरलीला आठ पूर्ण झाली. धाकटा तेव्हा सोळा महिन्यांचा होता. तो पोटात असल्यापासून त्या बिचारीच्या सगळ्या हौशी 'पुढच्या वर्षी बघू' या खात्यात जमा होत होत्या. म्हणून मी ठरवलं, यंदाचा वाढदिवस तिचा. तिला हवा तिथे, हवा तसा. तिला थीम पार्कला जायचं होतं. पार्कचं नाव सांगत नाही. त्यांच्या काही चुका होत्या, पण त्याहून जास्त आमच्या होत्या.

तयारी आम्ही जय्यत केली. तिकिटं आधी काढली, टोप्या घेतल्या, कुठल्या पाळण्यात किती उंचीच्या मुलांना बसू देतात हे ह्यांनी कागदावर लिहून काढलं. दुपारी जेवायचं कुठे, याला मात्र कुणी पाच मिनिटंही दिली नाहीत. थोरलीने माहितीपत्रकात एक चित्र पाहिलं होतं. गुहेसारखं रेस्तराँ, आत अंधार, भिंतीवर मशाली, मधूनच विजा चमकतात. 'आई, केक इथेच कापायचा!' मी म्हटलं, कापू. खरं सांगायचं तर मलाही मोह पडला होता. एवढे पैसे मोजून आत जायचं आणि साध्या उपाहारगृहात भात-भाजी खायची? मग घर काय वाईट?

धाकट्याची जेवणाची वेळ बाराची. आम्ही गुहेच्या दारात पोचलो साडेबाराला. पुढे पंधरा-वीस कुटुंबं. आत जागा मिळाली ती पावणेदोनला. तोवर त्याने माझ्या ओढणीचं टोक चोखून चोखून ओलं केलं होतं. सासूबाईंनी पहाटे उठून केलेले धपाटे फाटकावरच राहिले होते, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून. बाळासाठी आणलेला मऊ भातही मी त्या पिशवीबरोबर मुकाट्याने ठेवून दिला. 'हे बाळाचं आहे, एवढं नेऊ द्या' असं विचारायचं मला सुचलंही नाही. रांगेत मागे माणसं उभी असली की माझं डोकं चालत नाही.

उंच खुर्ची मिळाली, तिचा पट्टा तुटलेला. मेनूत तिखटाशिवाय काही नव्हतं. वाढप्याला विनवून साधा भात आणि वरण सांगितलं, ते येईपर्यंत आणखी अर्धा तास. आणि ते टेबलावर येऊन ठेपलं त्याच क्षणी गुहेत वीज कडाडली.

आम्हा मोठ्यांना ती टिनाच्या पत्र्यासारखी वाटली. त्या पोराला मात्र साक्षात आभाळच कोसळलं. तो असा किंचाळला की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून उभी राहिली. त्याला पोटाशी धरून मी बाहेर पळाले. परत आत न्यायला गेले की तो दाराशीच ताठ व्हायचा. तीन वेळा प्रयत्न केला. मग बाहेरच बसले. चौथ्या वेळी हे दारात आले, म्हणाले, 'केक वितळतोय, कापून घेऊ का?' मी म्हटलं, घ्या.

थोरली काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत तिने माझ्या हातावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. मला वाटलं, विसरली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी दप्तर भरताना तिची निबंधाची वही उघडी पडली. विषय होता 'माझा वाढदिवस'. पहिलं वाक्य पार्कचं, दुसरं पाळण्यांचं, तिसरं केकचं. चौथं वाक्य होतं, 'आई बाहेर होती.' बाईंनी खाली बरोबरची खूण करून शेरा दिला होता, छान. तक्रार नव्हती ती. जे घडलं ते तिने लिहिलं होतं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, असं आमचे हे म्हणतात. नव्वदच्या दशकात आम्ही एस्सेल वर्ल्डला गेलो, तेव्हा आईने पुरी-भाजीचा डबा फेरीबोटीत बसायच्या आधीच आमच्याकडून संपवून घेतला होता. आत फक्त एकेक आइस्क्रीम. माझा धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम चालायला लागला होता, तो आजीपाशी घरी. लहान मुलांना घेऊन अशा ठिकाणी जायचं ही कल्पनाच तेव्हा फारशी रुजलेली नव्हती. आता आजी-आजोबांनाही बरोबर न्यायचं असतं आणि बाळालाही. गोराईचं ते एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं होतं. २०२२ मध्ये ते बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला आधी आठवली ती पुरी-भाजी.

तर, त्या निबंधानंतर मी मनाशी ठरवलं होतं की थोरलीचं एक जेवण माझ्याकडे बाकी आहे. योग आला २०२४ च्या जानेवारीत. माझ्या मोठ्या वन्सं हैदराबादला काचीगुड्यात राहतात. त्यांच्या सासरची मंडळी पिढ्यानपिढ्या तिथली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे तिकडे मराठी घरं काही कमी नाहीत. घरात मराठी, दारात 'नक्को' आणि 'हौ'. वन्संनी फोनवर सांगितलं, 'मुलांना घेऊन ये, रामोजी फिल्म सिटी दाखवू.' मी एकदम म्हटलं, 'वन्सं, धाकट्याला घेऊन? नको हो.' आणि गुहेची सगळी कहाणी सांगितली.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'अगं, तुम्ही हॉटेलची पाटी आधी बघितलीत आणि पोराचं घड्याळ नंतर. उलटं करायचं.'

वन्सं स्वतः दोन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नातवाला घेऊन गेल्या, तो तेव्हा अडीच वर्षांचा. तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बुफेतही त्याचे पैसे लागत नाहीत. चारही मोठ्या पार्कांत बाळांसाठी वेगळी जागा केलेली आहे, जिथे दूध पाजता येतं, डायपर बदलता येतो, आणलेलं खाणं गरम करून उंच खुर्चीत बसवून भरवता येतं. 'एवढी सोय असूनही,' वन्सं म्हणाल्या, 'टेबलापाशी माणसाएवढा मिकी माऊस आला आणि आमचं ध्यान टेबलाखाली! पुस्तकातला मिकी वीतभर असतो गं. हा सहा फुटी बघून कोण नाही घाबरणार?' मग त्यांच्या मुलीने पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवलं की मुलगा लहान आहे, लांबूनच हात हलवा. तसं सांगितलं की ती मंडळी ऐकतात म्हणे. हे मला फार उपयोगाचं वाटलं. आपण आपल्याकडे 'सांगायचं कसं' म्हणून गप्प बसतो.

रात्री हुसेनसागर एक्सप्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वन्संच्या दारात. तिथे आमची चक्क बैठक बसली. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली, जगातलं सर्वांत मोठं चित्रपट-संकुल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. शहरापासून विजयवाड्याच्या रस्त्याने साधारण तीस किलोमीटरवर. आवार एवढं मोठं की बसमधून फिरवतात. याचा अर्थ असा की भूक लागली की लगेच उठून जेवायला जाता येईलच असं नाही. बसमध्ये बसायच्या आधी धाकट्याचं पोट भरलेलं हवं, हा पहिला मुद्दा वन्संनी काढला. मला तो सुचला नसता.

युरेका म्हणून त्यांचा एक मोठा चौक आहे. तिथे मौर्यकाळ, मोगलाई आणि अमेरिकेतला जुना पश्चिम भाग असे वेगवेगळे देखावे उभे केलेले आहेत आणि उपाहारगृहंही त्याच थाटाची. 'चाणक्य' शाकाहारी, 'आलमपना' मोगलाई, 'गनस्मोक' म्हणजे काऊबॉय लोकांचा अड्डा, तिथे बर्गर-चिप्स वगैरे. थोरलीने 'गनस्मोक' हे नाव ऐकलं मात्र, तिचे डोळे चमकले. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, 'पण तिथे आवाज असेल ना? बाळ रडेल. चाणक्य चालेल.'

आठ वर्षांची मुलगी असं बोलते तेव्हा तिला शहाणी म्हणून शाबासकी द्यायची आपली रीत आहे. मीही देत आले होते. त्या दिवशी दिली नाही.

वन्संनी फोन फिरवला. चार प्रश्न विचारले. बाळाचं खाणं आत नेता येईल का? गरम पाणी मिळेल का? जेवण किती वाजता मांडतात? आणि बंदुकांचे बार उडवणारा तो स्टंटचा खेळ कितीला असतो? शेवटचा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस बहुधा चक्रावला असावा, पण उत्तर मिळालं. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी हे चार प्रश्न कुठल्याही पार्कला जाण्याआधी विचारावेत. आपल्याकडे बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं चालत नाही, पण अगदी लहान मुलांच्या खाण्याला सूट असते. विचारलं तर कळतं, मग फाटकावर धपाट्यांबरोबर बाळाचा भातही ठेवून यावा लागत नाही. मुलांचं तिकीट तर कितीतरी ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. बुफेचे पैसे कुठल्या मुलापासून लावतात तेही विचारावं. तीन घास खाणाऱ्या पोराचं अख्खं ताट भरायला लावलं की जेवण आईच्या घशाखाली उतरत नाही.

सकाळी फाटकावर पिशवी उघडली. लाळेरं, वाटी-चमचा, थर्मास, डब्यात गुरगुट्या भात. मी या वेळी 'मुलाचं आहे' हे आपणहून सांगितलं. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि जाऊ दिलं. एवढंच.

साडेअकराला आम्ही 'चाणक्य'मध्ये बसलो. इतक्या लवकर जेवायला कोण येतं? टेबलं रिकामी, वाढणारे निवांत. भिंतीलगतचं टेबल घेतलं, ध्वनिक्षेपकापासून लांब, हात धुवायच्या जागेजवळ. लवकर बसण्याचा आणखी एक फायदा असतो. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिलं नाही तर त्यात जंतू वाढायला लागतात आणि ते तसंच दोन तासांहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्यांना एखाद वेळी ते पचून जातं, लहान मुलाला नाही. अडीच-तीनच्या सुमाराला बुफेच्या भांड्यात तळाशी उरलेली कोमट भाजी मी आता धाकट्याच्या ताटात वाढत नाही. बर्फ नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत. केळ मात्र हवं तितकं, त्याची साल आपण सोलतो.

दक्षिणेकडे मुलं घेऊन फिरणं सोपं, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. कारण दहीभात. मागितला की मिळतो, वाट पाहावी लागत नाही, फोडणीतली मिरची बाजूला काढली की झालं. इडली तर देवानेच दात येणाऱ्या मुलांसाठी केली असावी. दोन वर्षांच्या मुलाला मशाली नकोत, विजा नकोत, ताटात लगेच पडलेला भात हवा. म्हणून जिथे पदार्थ समोर मांडलेले दिसतात, बोट दाखवलं की वाढून मिळतात, ते ठिकाण घ्यावं. खुर्चीत बसवून, नक्षीदार मेनू हातात देऊन अर्धा तास ताटकळत ठेवणारं हॉटेल कितीही सुंदर असलं तरी त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत.

इथे सासूबाईंचं आणि माझं थोडं वाजलं, तेही सांगून टाकते. त्यांची पद्धत काऊ-चिऊची. मूल कडेवर, हिंडत हिंडत, हत्ती दाखव, तोफ दाखव आणि बोलता बोलता घास कोंब. घरी मी काही म्हणत नाही. पण बाहेर, गर्दीत, मूल हसत-रडत असताना तोंडात घास असला तर तो घशात अडकायची भीती. वन्संच्या जावेच्या नातवाला शेंगदाण्याने असंच झालं होतं. वेळेवर पाठीवर थापट्या दिल्या म्हणून निभावलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नयेत, द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून द्यावं, असं आमच्या डॉक्टरीणबाई नेहमी सांगतात. आणि अशा ठिकाणी पावलोपावली विकायला असतं ते नेमकं पॉपकॉर्न. मी सासूबाईंना म्हटलं, 'आई, आज बसवूनच भरवू या.' त्यांना राग आला. 'आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?' वन्सं मध्ये पडल्या, 'आई, तू पुढ्यात बस आणि गोष्ट सांग, घास ही देईल.' लेकीचं ऐकलं त्यांनी. सुनेचं ऐकलं नसतं. चालायचंच.

बारा वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने दह्याने माखलेल्या हाताने स्वतःचा कान धरला. ही त्याची झोपेची खूण. त्याला पुसून बाबागाडीत घातला, सासूबाई आणि वन्सं सावलीत बाकावर बसल्या, हे रांगेतून चहा आणायला गेले. आणि मी थोरलीला म्हटलं, 'चल.'

'कुठे?'

'गनस्मोकला. तू आणि मी.'

'बाळ?'

'बाळ झोपलंय. आजी आहे, आत्या आहे, बाबा आहेत.'

तिने दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा नाही पाहिलं. तिने मुद्दामच 'चाणक्य'मध्ये फारसं काही खाल्लं नव्हतं, असा मला नंतर संशय आला, कारण इतकी भूक तिला घरी कधी लागलेली मी पाहिलेली नाही. बर्गर, चिप्स आणि एक लिंबाचं सरबत. मी फक्त कॉफी घेतली. गल्ल्याशी तिने स्वतः ऑर्डर दिली, पैसे दिले, मोड मोजून घेतली.

आम्ही खिडकीपाशी बसलो. किती महिन्यांनी माझे दोन्ही हात मोकळे होते. कडेवर कुणी नाही, मांडीवर कुणी नाही. ते कुठे ठेवावेत हेच मला कळेना. शेवटी टेबलावर ठेवले. ती भरभरून बोलत होती. बाहुबलीच्या सेटवरचे पुतळे आतून पोकळ असतील का, वर्गातली कोण कोणाशी बोलत नाही, तिला चश्मा लागणार आहे असं तिला का वाटतं. फळ्यावरचं तिला नीट दिसत नाही, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. मुंबईला आल्यावर तपासलं, खरंच नंबर निघाला.

बाहेर कुठेतरी बार उडाल्यासारखा धडाका झाला. मी अर्धवट उठलेच. तिने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि खदखदून हसली. 'आई, ते खोटं आहे!'

चिप्स आले, गरम, वाफा येणारे. ती बोलत होती आणि मी ऐकता ऐकता एकेक चिप उचलत होते, मधोमध मोडत होते, फुंकर घालत होते आणि तिच्या बशीच्या कडेला ओळीने मांडत होते. सात-आठ झाल्यावर ती बोलायची थांबली.

'आई, काय करतेयस?'

मी हाताकडे पाहिलं.

'मला अख्खे हवेत,' ती म्हणाली. 'आणि गरमच आवडतात मला.'

तिने बशी दोन बोटांनी आपल्याकडे ओढून घेतली. मग जरा वेळाने, मोडलेले सगळे वेचून कागदी रुमालावर ठेवले आणि माझ्यापुढे सरकवले.

'हे तू खा. निवलेत.'